टाळ्या पुरे, पगार बोला

मराठीत बँडवाला आहे, बँडवाली नाही. पेटीवाला, ढोलकीवाला, ताशेवाला, सनईवाला, सगळे 'वाले'. 'वाली' म्हटलं की भाजीवाली, मासेवाली, चुडेवाली. गाणारीला आपण गायिका म्हणतो, नाचणारीला नर्तकी म्हणतो आणि पाठीमागे आणखीही बरंच काही म्हणतो. पण वाजवणाऱ्या बाईला हाक मारायला शब्द नाही. 'वादिका' कोशात असेल, तोंडात नाही. 'महिला तबलावादक' असं लांबण लावून सांगावं लागतं. म्हणजे तबलावादक हा मुळात पुरुषच, ही चुकून महिला निघाली!

कुणी म्हणेल, आपल्याकडे गावोगाव महिला भजनी मंडळं आहेत की. आहेत. टाळ आपण वाजवतो. पण पेटीला आणि तबल्याला कोण बसतं ते पुढच्या भजनाला नीट बघा. बहुतेक ठिकाणी एक बुवा बोलावलेला असतो. त्याचं पाकीट ठरलेलं असतं. वीस बाया तीन तास गातात, त्यांना प्रसाद. एकटा वाजवतो, त्याला पैसे. यात त्या बिचाऱ्या बुवांचा दोष नाही. त्यांनी विद्या शिकली, तिचा मोबदला घेतला. मुद्दा एवढाच, की गाणं ही बाईची हौस आणि वाजवणं हा पुरुषाचा धंदा, हे आपण न बोलता ठरवून टाकलं आहे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आफ्रिकेतला एक बायकांचा बँड. पश्चिम आफ्रिकेत गिनी नावाचा देश आहे. २ ऑक्टोबर १९५८ ला तो फ्रेंचांच्या अमलातून मोकळा झाला. नव्या सरकारनं ठरवलं, की नाचगाण्याला फ्रेंच चाली नकोत, आपल्या मातीतलं संगीत पाहिजे. आणि त्यासाठी देशभर सरकारी ऑर्केस्ट्रा उभे केले, वादकांना पगार लावले. तिकडे अशा नाचाच्या ऑर्केस्ट्राला सर्रास जॅझ म्हणत. बेंबेया जॅझ हा त्यातला सर्वांत नावाजलेला. बेंबेया पुरुषांचा. पण त्याच वर्षी, १९६१ मध्ये, राजधानी कोनाक्रीत आणखी एक ऑर्केस्ट्रा निघाला, तो नुसत्या बायांचा. या बाया कोण? लष्करी शिस्तीच्या पोलीस दलातल्या शिपाई. पुढं त्यांना 'लेझ अमाझोन द गिने' म्हणू लागले, म्हणजे गिनीच्या रणरागिणी. सुरुवातीला मेंडोलिन, व्हायोलिन, बोंगो अशी वाद्यं होती. पुढं विजेवरची गिटार आली, सॅक्सोफोन आले, ड्रम आले. सगळं बायाच वाजवत.

१९७७ मध्ये नायजेरियातल्या लागोस शहरात आफ्रिकी देशांचा आणि जगभर विखुरलेल्या आफ्रिकी लोकांचा मोठा कलामहोत्सव भरला. तिथं या बायांनी वाजवलं. १९८३ मध्ये पॅरिसमधल्या त्यांच्या कार्यक्रमाची तबकडी निघाली. त्यांच्यातली म'मा सिला ही गायिका स्वतंत्र नावानंही गाजली. मग २००८ मध्ये 'वामातो' हा त्यांचा अल्बम आला. १९८३ ते २००८, मध्ये पंचवीस वर्षं! हा खंड का पडला? १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे वारले, राजवट बदलली आणि सरकारी ऑर्केस्ट्रांचा आधार गेला. किती तरी चांगले बँड पांगले. या बाया पांगल्या नाहीत, कारण त्या नोकरीत होत्या. गणवेश अंगावर होता, हुद्दा होता, महिन्याचा पगार होता. गिटारची तार तुटली तरी चूल पेटायची थांबत नव्हती.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. बाईच्या कलेची कारकीर्द गुणावर उभी राहत नाही. गुण घरोघरी सांडलेला असतो. कारकीर्द उभी राहते ती पगारावर, रोजच्या तालमीच्या वेळेवर आणि कागदावरच्या नावावर. ही तिन्ही दिली तर शिपाईबाई पॅरिसला जाते. नाही दिली तर ती कितीही गुणी असो, तिच्या वाट्याला टाळ्या येतात आणि टाळ्या शिजत नाहीत.

आता गुंदच्या जंगलात बसून गिनीच्या बायांचं कौतुक कशाला, असं कुणी विचारील. तर आफ्रिका आमच्यापासून लांब नाही. ती शेजारी आहे. हल्याळ, येल्लापूर, मुंडगोड, अंकोला आणि आमचा जोयडा, या उत्तर कन्नडच्या रानात सिद्दी लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. कर्नाटकात त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास. मराठी वाचकाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, तोफा आठवतात. तो दर्यावरचा सिद्दी सत्ताधीश होता. घाटातल्या या सिद्द्यांची गोष्ट उलटी आहे. पोर्तुगीज जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं धरून गोव्यात आणून विकली. त्यातली जी निसटली ती घाट चढून रानात आली, असं त्यांचा इतिहास सांगतो. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. बोली कोकणी-मराठीच्या अंगाची, बाजारात कानडी. म्हणजे या बाया परक्या नव्हेत. त्यांची शिवी आपल्याला कळते आणि आपली त्यांना.

त्यांच्याकडे दमाम आहे. लाकूड पोखरून केलेला, दोन्ही तोंडांना कातडं मढवलेला लांबट ढोल. पुरुष वाजवतात, काही बायाही वाजवतात. त्याच्या ठेक्यावर बाया गातात, नाचतात. म्हणजे गिनीच्या सरकारला जे वाद्यं वाटून, शिकवून उभं करावं लागलं, त्यातला ताल इथं आयता आहे. मग सिद्दी बायांचा एखादा बँड लागोसला, पॅरिसला का गेला नाही? पॅरिस राहू द्या. धारवाडला किंवा पणजीला तिकीट लावून का वाजला नाही?

कारण आपण त्यांना बँड मानलंच नाही. आपण त्यांना 'आयटम' मानलं. महोत्सव कुठलाही घ्या. उद्घाटनाला मंत्री येणार असतात. त्यांचं स्वागत करायला सिद्दी बाया रांगेत उभ्या. रोज आपल्यासारखी साडी नेसणाऱ्या, रोजगार हमीच्या कामाला जाणाऱ्या, पोरांच्या फीची काळजी करणाऱ्या या बाया. त्यांच्या कमरेला त्या दिवशी पानं बांधतात, तोंडाला पांढरे पट्टे ओढतात. मंत्री उशिरा येतात. तोवर उन्हात उभं. मग दहा मिनिटं नाच, फोटो, एक जेवण. पत्रिकेत मंत्र्यांचं नाव, आमदारांचं नाव, आभार मानणाऱ्याचंसुद्धा नाव. शेवटच्या ओळीत 'सिद्दी नृत्य'. कुणाचं नृत्य? कोण गायलं? दमामावर कोण होती? त्याची नोंद कुठंच नाही.

आमच्या पुराणात नीलांजनेची कथा आहे. पंचकल्याणक पूजेत तपकल्याणकाच्या दिवशी ती दरवेळी दाखवतात, म्हणून जैनांच्या घरातल्या लेकराबाळांना माहीत असते. ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नावाची अप्सरा नाचत होती. नाचता नाचताच तिचं आयुष्य संपलं. सभेचा रसभंग नको म्हणून इंद्रानं त्याच क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी उभी केली. नाच चालू राहिला. सभेतल्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं एकट्या ऋषभदेवांच्या, आणि त्यांना वैराग्य आलं.

आपण या कथेतून संसाराची क्षणभंगुरता शिकतो, ते बरोबरच आहे. पण मला त्या सभेचा राग येतो. समोर नाचणारी मेली आणि यांना कळलं नाही! कळणार कसं? ते नाच बघत होते, नाचणारीला बघतच नव्हते. या वर्षी महोत्सवात एक सिद्दी बाई असते, पुढच्या वर्षी दुसरी. पहिलीचं काय झालं, ती बाळंतपणात गेली की ऊसतोडीला गेली की आता तिचा गुडघा चालत नाही, हे आयोजकाला माहीत नसतं. पानं तीच, पट्टे तेच, आयटम तोच. इंद्राची सोय अजून चालू आहे.

या लोकांच्या अंगाचं कौतुक करायचं आणि हातची विद्या सोडून द्यायची, ही खोड जुनी आहे. १९८७ च्या सुमारास क्रीडा प्राधिकरणानं सिद्दी मुलामुलींना धावण्या-उडण्याच्या खेळांसाठी निवडून शिकवायची योजना आणली. विचार काय? हे मूळचे आफ्रिकेचे, म्हणजे रक्तातच वेग असणार. तरी निदान तिथं वसतिगृह होतं, प्रशिक्षक होते, दोन वेळचं पोटभर अन्न होतं. मुलं पुढं येऊ लागली, पदकं मिळू लागली. आणि काही वर्षांतच, नव्वदीच्या सुरुवातीला योजना गुंडाळली. पोरं होती तिथं, रानात परत. वेग रक्तात असेल किंवा नसेल. पदक मात्र वसतिगृहात होतं. वसतिगृह काढून घेतलं, पदकं थांबली. इतका सरळ हिशेब आहे. अनुसूचित जमातीत उत्तर कन्नडच्या सिद्द्यांचा समावेश व्हायलासुद्धा २००३ साल उजाडावं लागलं.

बरं, सिद्दी बायांचं काहीच परदेशी गेलं नाही असंही नाही. त्यांची गोधडी गेली. ते तिला कवंद म्हणतात. जुन्या लुगड्या-शर्टांचे तुकडे कडेकडेनं शिवत मधोमध येतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुलं' लावतात. फुलं नसली तर ती उघडी राहते, असं त्या समजतात. हेन्री ड्र्यूवल या अमेरिकन कला-अभ्यासकांनी त्या बघितल्या, बायांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली आणि कवंद अमेरिकेतल्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या. फार चांगलं झालं. बायांच्या हातात दोन पैसे आले. पण गोधडी का गेली आणि गाणं का राहिलं, हेही पाहा. गोधडीची घडी घालून पेटीत भरता येते. तिला पारपत्र लागत नाही. तिला घरी म्हाताऱ्या सासऱ्याला जेवायला वाढायचं नसतं. गाणं पाठवायचं तर बाईच पाठवावी लागते. आणि बाई पाठवायची म्हटलं की घर, जात, गाव, सरकार सगळ्यांची कपाळं आठ्यांनी भरतात.

गुजरातचे सिद्दी गेले की परदेशी. 'सिदी गोमा' या नावानं त्यांच्या धमालीचे कार्यक्रम युरोप-अमेरिकेत झाले. पण मंचावर चमू पुरुषांचा. तेव्हा अडचण आफ्रिकेच्या रक्ताची नाही, गरिबीचीही एकटीची नाही. अडचण बाईपणाची आहे.

आणि ही काही फक्त रानातल्या बायांची गोष्ट नव्हे. घाट उतरून गोव्यात जा. मुंबईच्या जॅझचा आणि हिंदी चित्रपटसंगीताचा कणा गोवेकरांनी उभा केला. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, ट्रंपेट-व्हायोलिनपासून सगळ्या सुरावटी बांधण्यापर्यंत ही नावं घेतली जातात. यात बाईचं नाव आठवून बघा. आठवते ती लॉर्ना. लॉर्ना कोर्देरो, कोकणी गाण्यांची सम्राज्ञी. ती माइकपुढे, बँड पुरुषांचा. चढत्या काळातच ती मंचावरून दिसेनाशी झाली आणि पुन्हा गायला आली ती १९९५ मध्ये, दोन दशकांहून जास्त काळानं. आवाज बाईचा, पण बँड तिचा नाही, करार तिच्या हातात नाही, अशी जिथं मांडणी असते तिथं आवाज बंद करणं सोपं असतं. वाद्य आणि बँड बाईच्या मालकीचे असते, तर एक दार बंद झाल्यावर दुसरं तिला स्वतःला उघडता आलं असतं.

अपवाद आहेत, आणि ते माझंच म्हणणं पक्कं करतात. मुंबईच्या अनुराधा पाल यांनी १९९६ मध्ये 'स्त्री शक्ती' हा बायांचाच वाद्यवृंद काढला आणि जगभर नेला. पण त्यांच्या मागं उस्ताद अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांच्याकडची तालीम होती. आमच्याच उत्तर कन्नडच्या गिरिजा सिद्दी रंगभूमीवर नाव मिळवून आहेत, हिंदुस्थानी संगीत गातात. त्यांना शिक्षण मिळालं, रंगमंच मिळाला. जिथं शिकवणारा आणि मंच मिळाला तिथं बाई उभी राहिली. मग बाकीच्यांना तो का देत नाही?

आता आक्षेप घेणारे. पहिला आक्षेप: सेकू तुरे हुकूमशहा होता. होता. त्याच्या कांप ब्वारो नावाच्या तुरुंगात माणसं उपाशी मारली गेली, आणि सरकारी बँडांना त्याचे, त्याच्या पक्षाचे पोवाडे गावे लागत. ते मला नको आहे. पण दुष्ट माणसानं विहीर खणली म्हणून आपण पाणी प्यायचं सोडत नाही. पगार द्यायला हुकूमशाही लागते, असं थोडंच आहे? आपल्याकडे निवडून दिलेलं सरकार आहे, सांस्कृतिक खातं आहे, अकादम्या आहेत. जे हुकूमशहाला सुचलं ते लोकशाहीला का सुचू नये? अट एवढीच, की पगार सरकारचा आणि गाणं बायांचं. मंत्र्याच्या गाडीपुढं नाचायची सक्ती नको.

दुसरा आक्षेप: पैसा आला की लोककला बिघडते. हे म्हणणारे स्वतः बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेतात आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. गरिबानं मात्र शुद्ध राहावं, तेही उपाशी!

तिसरा आक्षेप आमच्या घरातून येईल: तो ढोल कातड्याचा, आपण जैन, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? मंदिरात आरतीला वाजतो त्या मृदंगाला काय रेशीम मढवलंय? मिरवणुकीच्या बँडमधले ढोल आपण तपासून ठरवतो का? अहिंसेचा विचार जरूर करावा, कृत्रिम पडद्याचे ढोल हवे तर तेही मागावेत. पण दुसऱ्याची विद्या नाकारायला अहिंसा वापरू नये. एखादीचं नाव पुसून टाकणं हीसुद्धा हिंसाच आहे.

चौथा आक्षेप बायाच घेतात आणि तो मला सगळ्यांत जास्त बोचतो: वाद्य घेऊन गावोगाव फिरणं चांगल्या घरच्या बाईला शोभतं का? आफ्रिकेत तरी वेगळं काय होतं? तिथलं कोरा हे एकवीस तारांचं वाद्य बापाकडून मुलाकडं जायचं, मुलीकडं नाही. गांबियाच्या सोना जोबार्ते यांनी ते शिकून जगभर वाजवलं. मालीतल्या बामाको शहरात नामवंत गायिका एकत्र आल्या, त्यांनी 'लेझ अमाझोन दाफ्रिक' हा गट काढला आणि २०१५ मधल्या पहिल्याच गाण्याचं नाव ठेवलं 'मी कोरा वाजवते'. हे नाव म्हणजे भांडणच होतं. शोभतं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. वाजवलं आणि मग लोकांना शोभू लागलं.

तर मागणं काय? मोघम बोलून उपयोग नाही. या चार-पाच तालुक्यांतल्या सिद्दी बायांमधून पंधरा-वीस जणींचा बँड उभा करावा. नाव त्यांनी ठेवावं. प्रत्येकीला दरमहा पगार, कार्यक्रम असो नसो. रोज दोन तास तालमीला एक खोली, आणि तिथं पोरं सांभाळायला एक बाई, तीही पगारी. दमाम घडवणाऱ्याला काम. हवी तर गिटार, हवा तर सॅक्सोफोन, आणि शिकवायला गोव्याचे उस्ताद. ते काही लांब नाहीत. करारावर सही बायांची, पैसे बायांच्या खात्यात. पत्रिकेवर प्रत्येकीचं पूर्ण नाव. पानं बांधायची की साडी नेसायची, ते त्या ठरवतील. गिनीनं हे १९६१ मध्ये केलं, नुकताच स्वतंत्र झालेला गरीब देश असताना. आपल्याला पैसे नाहीत हे कुणी सांगू नये. एका महोत्सवाच्या मांडवाला, कमानींना आणि हारतुऱ्यांना काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सरकार जागं होईपर्यंत आपण बायांनी बसून राहायचं कारण नाही. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, सांगली, सगळीकडे आपली महिला मंडळं आहेत. वर्षाकाठी आपण मिरवणुका काढतो, बँड ठरवतो, आणि बँडवाल्याला आगाऊ रक्कम द्यायला कधी कुरकुर करत नाही. पुढच्या मिरवणुकीला सिद्दी बायांना बोलवा. स्वागताच्या नाचाला नव्हे, वाजवायला. जो दर शहरातल्या बँडला देता तोच दर द्या, आगाऊ द्या, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा द्या. आणि भजनी मंडळाच्या पेटीवर यंदा आपल्यातलीच एखादी बसवा, वर्षभर शिकवणीची फी मंडळातून भरून.

आणि हो, कार्यक्रम संपल्यावर जिनं दमाम वाजवला तिला तिचं नाव विचारा आणि पत्रिकेत छापा.